बघू

भाचीच्या लॅपटॉपवर एकाच वेळी दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत तिची वीस चित्रे ओळीने लावलेली होती आणि दुसरीत शैक्षणिक कर्जाचा अर्ज होता. कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी ती पोर्टफोलिओ तयार करत होती. मी शेजारी बसून कोणते चित्र आधी यावे आणि कोणते गाळावे याविषयी मत देत होतो, आणि खरे सांगायचे तर मत देण्यातले सुख मनमुराद घेत होतो. सतराव्या चित्रातल्या हाताचा अंगठा जरा लांब झाला आहे, असे मी म्हणालो. तिने स्वतःचा अंगठा पडद्याजवळ धरून तो ताडून पाहिला, मान हलवली, आणि नजर तिथून न काढता, जणू अजून त्या अंगठ्याविषयीच बोलत असावी अशा आवाजात विचारले, “मामा, जामीनदार म्हणून तुझं नाव घालू का?”

मी म्हणालो, “बघू.”

ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा अंगठ्याकडे वळली. तिच्या आवाजात नाराजी नव्हती, आणि तेच मला पुढे टोचत राहिले. कर्जाच्या अर्जातला तो रकाना तिने रिकामा सोडला, त्याच्याशेजारी लाल तारा उमटला, ही माहिती भरणे आवश्यक असल्याची ओळ आली, आणि तिने ती खिडकी शांतपणे मिटवून टाकली. त्यानंतर आम्ही तासभर चित्रांविषयी बोललो. कोळशाने काढलेले म्हातारीचे चित्र पहिले ठेवावे की शेवटचे, यावर आमचा थोडा वादही झाला. मी निघालो तेव्हा मात्र माझ्या लक्षात आले की त्या तासाभरात तिने मला एकदाही ‘मामा’ अशी हाक मारलेली नव्हती. तो निव्वळ योगायोग असेल. मनात खोट असली की माणूस असल्या गोष्टी मोजू लागतो.

मराठीत ‘बघू’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात नकार नसतो, त्यामुळे समोरच्याला रागावता येत नाही. होकारही नसतो, त्यामुळे स्वतःला अडकावे लागत नाही. ‘मी बघतो’ असे म्हटले असते तर वाक्याला निदान एक कर्ता मिळाला असता आणि पुढे कधीतरी तो कर्ता सापडला असता. ‘बघू’ म्हटल्यावर नेमके कोण बघणार हे कुणालाच ठाऊक नसते; ते अनेकवचन सगळ्या घरादाराला आत ओढून घेते आणि कुणाच्याच खांद्यावर काही ठेवत नाही. आणि याच क्रियापदावर माझे सगळे शिक्षण उभे आहे. पहिल्या वर्षी आम्हाला रेखाटन शिकवणारे शिक्षक वर्गातून फिरताना दोनच शब्द बोलत असत, “आधी बघ.” समोर मडके मांडलेले असे आणि आम्ही डोक्यातले मडके काढत असू, दोन्ही बाजू सारख्या असलेले, काठ पूर्ण गोल असलेले. ते पाठीमागे येऊन उभे राहत आणि आमच्या कागदाला हात न लावता मडक्याकडे बोट दाखवत. मडक्याची डावी बाजू खरोखर बसकी आहे, हे दिसायला मला कित्येक आठवडे लागले. पुढची सगळी वर्षे ज्याने बघण्याच्या आधारावर पोट भरले, त्याने नेमके बघायच्या क्षणी नजर फिरवावी आणि त्याला ‘बघू’ म्हणावे, हे त्या रात्री मला झोपू देईना.

चित्र, शिल्प, मुद्राचित्रण असे काही शिकू पाहणाऱ्याला प्रवेशाच्या वेळी दोन हिशेब द्यावे लागतात. पहिल्यात आपण काय केले आहे ते दाखवायचे असते आणि दुसऱ्यात आपल्यापाशी काय आहे ते. हे दोन हिशेब बहुधा वेगवेगळ्या माणसांपुढे जातात. चित्रे पाहणाऱ्याला तुमच्या घरचे उत्पन्न ठाऊक नसते, उत्पन्न तपासणाऱ्याने तुमची चित्रे पाहिलेली नसतात, आणि मधली ही भिंत न्यायासाठीच बांधलेली आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले. भाचीची वीस चित्रे सलग पाहताना मात्र पहिल्या हिशेबात दुसरा जागोजागी डोकावताना दिसला. तिच्या तिसऱ्या चित्रात एक लाल खुर्ची आहे. त्या लालाची नळी मी तिच्या टेबलावर पाहिली होती. तिच्यावर कॅडमियम रेड या नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द बारीक अक्षरात छापलेला होता. ज्यांनी स्वतःच्या पैशाने रंग विकत घेतले आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. नळीत कॅडमियम नाही, त्याच्यासारखा दिसणारा स्वस्त रंग आहे. खरा कॅडमियम लाल दाट बसतो आणि खालचे सगळे झाकून टाकतो. तिच्या नळीतला लाल पातळ होता, म्हणून तिने तीन थर दिले होते, आणि तिसऱ्या थरात खुर्चीचा एक पाय किंचित गढूळ झाला होता. परीक्षक तो पाय पाहील आणि मुलीला रंग हाताळता येत नाही असे मनात म्हणेल. त्याचीही चूक नाही. चित्राखाली चित्राचे नाव, माप आणि माध्यम लिहायला जागा असते. तिसरा थर का द्यावा लागला हे लिहायला नसते.

कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह फवारावे लागते, नाहीतर नुसत्या बोटाच्या स्पर्शाने म्हातारीच्या गालावरची सावली हनुवटीपर्यंत पसरते. भाचीने त्याऐवजी केसांवर मारायचा स्प्रे वापरला होता, जसा मी वापरला होता आणि माझ्या आधीच्या कित्येकांनी वापरला असेल. खोलीत त्याचा गोडसर, घशाला चिकटणारा वास भरला होता आणि त्या वासाने मला एका क्षणात माझ्या अठराव्या वर्षात नेऊन उभे केले. असा कागद पुढे पिवळा पडतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. “प्रवेश होईपर्यंत टिकलं तरी पुरे,” ती म्हणाली.

एका बाबतीत तिचा काळ माझ्या काळापेक्षा दयाळू आहे, हे कबूल केले पाहिजे. आम्ही मूळ चित्रे पुठ्ठ्याच्या मोठ्या बाडात घालून, बाडाच्या नाड्या बांधून काखोटीला मारून नेत असू, आणि मुलाखत घेणारे बोलता बोलता कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून त्याची जाडी चाचपत. आता चित्रे ठरावीक मापाच्या फाइलींतून जातात आणि पडद्यावर पातळ कागद व जाड कागद सारखाच उजळतो. परंतु फोटो काढायला प्रकाश लागतो. भाची ढगाळ दिवसाची वाट पाहत असे, कारण ऊन थेट पडले तर कागदाच्या सुरकुत्या उठून दिसतात. चित्र खिडकीशेजारच्या भिंतीवर टाचण्यांनी लावून, समोरून पांढरा पुठ्ठा धरून ती सावलीची बाजू उजळून घेत असे. ज्यांच्या घरात मोकळी भिंत नाही त्यांचे काय होत असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी तो बोललो नाही. खर्चाचा कुठल्याच माहितीपत्रकात न येणारा भाग असाच असतो. वीस चित्रे निवडायची तर ऐंशी काढावी लागतात. ऐंशी चित्रांचा कागद कसाबसा जमवता येतो, पण त्यांना लागणारे मोकळे तास जमवणे अवघड असते, आणि ज्या मुलांना शाळेनंतर काही काम करून घरी पैसे आणावे लागतात त्यांच्याकडे नेमके तेच नसतात. पुन्हा प्रत्येक महाविद्यालयाचे अर्जशुल्क वेगळे आणि ते परत मिळत नाही. किती ठिकाणी अर्ज करायचा हे त्यामुळे महत्त्वाकांक्षा ठरवत नाही, शिल्लक ठरवते. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेने ऑग्युस्त रोदँ या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या शिल्पकाराला तीनदा प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट नापास विद्यार्थ्यांना धीर देण्यासाठी वारंवार सांगितली जाते. मला ती ऐकताना नेहमी वाटते की तीनदा नाकारले जाण्यासाठी तीनदा परीक्षेला बसता यावे लागते. त्यानंतर रोदँने कित्येक वर्षे इमारतींवरच्या सजावटीचे नक्षीकाम करून पोट भरले, हा गोष्टीचा भाग सहसा सांगितला जात नाही.

शुल्क नसले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. लंडनच्या रॉयल अकादमीची स्थापना १७६८ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या तिच्या कलाशाळेत आरंभापासून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. मात्र आत जाण्यासाठी प्राचीन शिल्पाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवरून केलेले सफाईदार रेखाटन दाखवावे लागे, आणि ते जमावे म्हणून मुले आधी खासगी शिकवणीला जात. हेन्री सॅस नावाच्या चित्रकाराने १८१८ च्या सुमारास लंडनमध्ये अशी तयारी करून घेणारी शाळाच काढली होती. जॉन एव्हरेट मिले हा पुढे नावाजलेला चित्रकार तिथूनच १८४० मध्ये अकरा वर्षांचा असताना अकादमीत पोचला. म्हणजे फुकट शिक्षणाचे पैसे दाराबाहेर भरायचे, ही पद्धत तेव्हाच रुळली होती, आणि आजचे पोर्टफोलिओचे क्लास हे तिचे वारसदार आहेत. याच अकादमीच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकर्ती होत्या, तरीही विद्यार्थी म्हणून पहिली स्त्री आत यायला १८६० साल उजाडावे लागले. तिचे नाव लॉरा हरफर्ड. तिने चित्रावर पूर्ण नाव न लिहिता फक्त आद्याक्षर आणि आडनाव लिहिले होते, आणि त्या आद्याक्षरामागे कोण आहे हे निवड झाल्यावरच कळले. पॅरिसमध्ये तर १८९७ पर्यंत एकोलचे दार स्त्रियांना बंद होते. त्यांच्यासाठी खासगी अकादमी ज्युलियाँ उघडी होती, पण तिथे स्त्रियांना पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट शुल्क मोजावे लागे. मोफत दारातून वगळायचे आणि उघड्या दारात दुप्पट घ्यायचे, या व्यवहारात वाईट माणूस नेमका कोणता हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो व्यवहार टिकत असावा.

न्यूयॉर्कच्या कूपर युनियनची गोष्ट मी विद्यार्थी असताना परीकथेसारखी ऐकली होती. पीटर कूपर या उद्योजकाने १८५९ मध्ये ती संस्था काढली, आणि पुढे पिढ्यानपिढ्या तिथे कला, वास्तुकला व अभियांत्रिकीसाठी निवडल्या गेलेल्या प्रत्येकाला शिक्षणशुल्क माफ असे. तिथल्या प्रसिद्ध गगनचुंबी क्रायसलर इमारतीखालची जमीन या संस्थेच्या मालकीची आहे, त्यामुळे पैशांचा प्रश्नच नाही असे आम्हाला वाटायचे. पण संस्थेने त्याच जमिनीच्या तारणावर मोठे कर्ज काढले होते, खर्च वाढत गेला, आणि २०१३ मध्ये शुल्क सुरू करण्याचा निर्णय झाला. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात दोन महिन्यांहून अधिक काळ ठिय्या दिला; तरीही २०१४ मध्ये आलेल्या तुकडीला अर्धे शुल्क भरावे लागलेच. दहा वर्षांत पुन्हा पूर्ण शुल्कमाफीकडे जाण्याची योजना २०१८ मध्ये ठरली. मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती एक साधी बाब: संस्थेलाही शेवटी तारण द्यावे लागले, आणि तारण ठेवलेली वस्तू ही तिची चित्रे किंवा विद्यार्थी नव्हते, जमीन होती. सावकाराला कळणाऱ्या वस्तूंची यादी फारशी बदललेली नाही.

माझ्या वेळचे तारण ताई होती.

ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिला चित्रातले काही कळत नाही असे ती स्वतः सांगते, आणि हे विनयाने नाही, अगदी हिशेबनीस माणसाच्या खात्रीने सांगते. तिने नोकरी धरून तीन वर्षे झाली होती तेव्हा माझा प्रवेश ठरला. घरात त्यावर एक लांबलचक शांतता पसरली होती, कारण कलेच्या शिक्षणाला नकार देण्याइतके आमचे लोक कठोर नव्हते आणि होकार देण्याइतके निर्धास्तही नव्हते. सगळे ‘बघू’ म्हणत होते. त्या शांततेत ताईने एका संध्याकाळी माझ्या हातातला फॉर्म घेतला, उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, शुल्काच्या तक्त्यात प्रयोगशाळा व साहित्य या शीर्षकाखालची रक्कम दरवर्षी भरायची आहे की एकदाच, असा एक प्रश्न विचारला, आणि टेबलाशी बसून सही केली. मला त्या सहीचा आवाज आठवतो. बॉलपेनच्या खाली फक्त एक कागद असला तर जसा कोरडा, लाकडावर उठणारा आवाज येतो तसा. पुढच्या सगळ्या वर्षांच्या पावत्या तिने एका खाकी लिफाफ्यात ठेवल्या. त्या लिफाफ्याची मला भीती वाटत असे, कारण एक दिवस ती तो उघडून माझ्यापुढे ठेवील असे मी धरून चाललो होतो. तिने तो कधीच उघडला नाही, आणि त्यामुळे भीती कमी होण्याऐवजी वाढत गेली.

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाला ती अखेरच्या दिवशी, बंद व्हायच्या अर्धा तास आधी आली. माझे मोठे तैलचित्र होते, त्याच्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. तिला काय दिसत असेल याची मी मनातल्या मनात नाना उत्तरे तयार केली. शेवटी तिने विचारले, “याला किती दिवस लागले?” मी सांगितले, अडतीस. ती “अडतीस” असे म्हणाली आणि पुन्हा चित्राकडे पाहू लागली. आणि या वेळी ती वेगळ्या नजरेने पाहते आहे हे मला स्पष्ट दिसले. तेव्हा मी दुखावलो होतो. रंगाविषयी, रचनेविषयी काही न विचारता हिने दिवस विचारावेत! पुढे स्वतःची कामे विकू लागलो आणि समोरचा माणूस किंमत ऐकून कपाळाला आठ्या घालू लागला, तेव्हा कळले की माझ्या चित्राविषयी तोवर कुणीही इतका आदराचा प्रश्न विचारला नव्हता.

भावंडांच्या पैशावर चित्रे काढणाऱ्याची गोष्ट निघाली की व्हॅन गॉगचे नाव येतेच, आणि ते इतके झिजले आहे की लिहायला संकोच वाटतो. तरीही त्या गोष्टीतला एक तपशील मला सोडत नाही. धाकटा भाऊ थिओ दरमहा पैसे पाठवत असे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १८८४ मध्ये व्हिन्सेंटने भावापुढे प्रस्ताव मांडला की आपण चित्रे पाठवू, ती थिओची मालमत्ता समजावी, आणि येणारे पैसे हे कमाईचे समजावेत. त्याला दान नको होते, व्यवहार हवा होता. मला हे वाचल्यावर प्रथम हसू आले होते, कारण ज्या चित्रांना त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते ती देऊन हिशेब कसा फिटणार. नंतर हसू राहिले नाही. आपण कुणाच्या तरी उपकारावर उभे आहोत हे रोज सकाळी ब्रश हातात घेताना आठवू नये, म्हणून माणूस असा कागदी व्यवहार उभा करतो. मीही ताईला दर वाढदिवसाला एक चित्र देत आलो. तिच्या घरात आता त्यांना भिंत पुरत नाही आणि काही कपाटावर आडवी ठेवलेली आहेत.

कर्ज कुणाच्या भरवशावर द्यायचे, या प्रश्नाशी मोठमोठ्या संस्थाही झटल्या आहेत. येल विद्यापीठाने १९७१ मध्ये एक योजना आणली होती. तिच्यात कर्ज घेणाऱ्याने ठरावीक हप्ता भरायचा नसे. दर हजार डॉलर कर्जामागे आपल्या वार्षिक उत्पन्नाचा ०.४ टक्के भाग द्यायचा, आणि आपल्या तुकडीचे सगळे कर्ज फिटेपर्यंत किंवा ३५ वर्षे देत राहायचा. म्हणजे कवी, नट आणि चित्रकार होणाऱ्यांचे कमी पडलेले पैसे त्यांच्याच वर्गातले वकील आणि बँकर भरणार होते. सगळा वर्ग एकमेकांचा जामीनदार. कागदावर किती सुंदर कल्पना आहे! प्रत्यक्षात ज्यांनी भरले ते वर्षानुवर्षे इतरांसाठी भरतच राहिले, काहींनी भरणे सोडले, कटुता वाढली, आणि १९७८ मध्ये नवी कर्जे देणे बंद झाले. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून वेगळा मार्ग धरला: शुल्काची जबाबदारी विद्यार्थ्यावर, पण वसुली त्याचे उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेल्यावर, आणि तीही कराबरोबर. त्यात मामा लागत नाही. शासन विद्यार्थ्याला ‘बघू’च म्हणते, फक्त कधी बघायचे तो आकडा आधी लिहून देते. एवढ्या एका आकड्याने त्या शब्दातला सगळा लबाडपणा निघून जातो, असे मला वाटते.

माझ्या ‘बघू’मागे मात्र लबाडीही होती आणि दुसरेही काही होते. प्रथम मी स्वतःला समजावले की मला हप्त्यांची भीती वाटली. आणि ती खरीच होती. ही मुलगी चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा तिला काम मिळेल की नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? मी तिला अंगठा लहान कर म्हणून सांगत होतो, तिच्या डोळ्यांत चमक पाहून सुखावत होतो, आणि त्याच वेळी माझ्या आत एक सावध माणूस तिच्या भवितव्यावर पैसे लावायला तयार नव्हता. हे पुरेसे लाजिरवाणे आहे. पण रात्री दोनच्या सुमारास त्याच्याही खालची गोष्ट वर आली. त्या रकान्याच्या पुढच्या ओळी मी तिरक्या नजरेने वाचल्या होत्या. जामीनदाराचा व्यवसाय; नियोक्त्याचे नाव; मागील सहा महिन्यांची पगारपत्रके. मला नियोक्ता नाही. माझे पैसे कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी पाच महिने येत नाहीत. कुणी चित्राचे अर्धे देतो आणि उरलेले विसरतो. एका वर्षी माझे सर्वांत मोठे उत्पन्न एका दवाखान्याच्या भिंतीवर मासे रंगवण्याचे होते. मला भीती वाटली ती अशी की माझे नाव तिथे लिहिले जाईल आणि तो अर्ज, तिच्यासमोर, ते नाकारेल. ज्या वाटेवर जाण्यासाठी ती माझी सही मागत होती, त्या वाटेवर चालून आल्यामुळेच माझ्या सहीला वजन उरले नव्हते, आणि हे तिला कळले तर ती चित्रांची ती दुसरी खिडकीही मिटवील की काय, असे मला वाटले.

सकाळी मी ताईला फोन केला. तिला सगळे सांगितले. म्हणजे सगळे नाही, पगारपत्रकाचा भाग सांगितला. तिने नेहमीप्रमाणे एकच प्रश्न विचारला: पगारपत्रक नसेल तर त्याऐवजी काय चालते, हे तू वाचलेस का? मी वाचले नव्हते. ती स्वतः निवृत्त झालेली, त्यामुळे तिचेही नाव चालणार नव्हते, आणि हे तिने अर्ज आणल्याच्या पहिल्याच दिवशी वाचून ठेवले होते. “तुझ्याकडे कर भरल्याचे कागद असतील ना? आणि बिलं? ती चालतात. तीन वर्षांची लागतात,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “मीच तिला म्हटलं होतं मामाला विचार म्हणून.”

बिले शोधायला मला पूर्ण दिवस लागला. काही रंगांच्या खोक्यांखाली होती, काही जुन्या रेखाटनवह्यांत खुणेसाठी घातलेली होती, आणि एकाच्या पाठीमागे मी कुणाचा तरी झोपलेला कुत्रा काढला होता. माशांचे बिल सापडले. एकावर टर्पेंटाइन सांडून आकडा पुसट झाला होता. ती सगळी चळत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी संध्याकाळी भाचीकडे गेलो. तिला मी कारणे सांगायला सुरुवात केली, की हे नामंजूर होऊ शकते, की माझे उत्पन्न एकसारखे नाही, की परवा मी जे म्हणालो ते. तिने ऐकून घेतले, पण तिचे लक्ष पिशवीकडे होते. तिने बिले बाहेर काढली, तारखांप्रमाणे लावली, दुमडलेले कोपरे तळव्याने सरळ केले, आणि खिडकीतला उजेड अजून आहे एवढे पाहून, जिथे ती आपली चित्रे लावते त्याच भिंतीवर पहिले बिल टाचण्यांनी लावले. माझ्या हातात तिने पांढरा पुठ्ठा दिला. “असा धर. थोडा वर.” मी धरला. तिने फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला, नाक मुरडले.

“मामा, हलू नकोस ना. कडा वाकड्या येतायत, परत घेते.”